थांबाबाईंची उजळणी

माझ्या वहिनीला अख्खी शाळा 'थांबाबाई' म्हणायची. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर नुसतं 'बाई'. ती वरच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवायची, आणि परीक्षा जवळ आली की तिच्या वर्गातून सारखा एकच शब्द ऐकू यायचा. कुणी शेजारच्याला उत्तर पुटपुटलं की, "थांबा, आठवू दे त्याला." कुणाचा हात पुस्तकाकडे गेला की, "थांबा, आधी डोक्यात शोधा." मी गणित शिकवते. आमच्या वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, तीही वरून उघडी. त्यामुळे तिचं मानसशास्त्र मला नको असताना पाठ झालं. मला पोरं 'तोफ' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि मी तशीच आहे, त्यात लाजायचं काय?

ती आमच्या घरात आली तीही माझ्यामुळेच. शाळेत नवी होती तेव्हा एकदा तिचा चष्मा फुटला आणि मी तिला दादाच्या दुकानात पाठवलं. दादा माझा थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान, स्वभावाने अगदी गरीब. घरातली सगळी आग एकट्या माझ्याच वाट्याला आली म्हणून तो मला लहानपणापासून 'मिरची' म्हणतो. तर त्याने हिला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. हिने वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला आणि मग स्वतःच म्हणाली, "थांबा, हे खरं नाही. बाहेर नंबर लागेपर्यंत फुटका चष्मा डोळ्यांपुढे धरून मी तक्ता पाठ केलाय. दुसरा लावा." दुकानात दुसरा तक्ता नव्हता. शेवटी दादाने तोच उलटा करून पाठीमागे हाताने अक्षरं काढली, आणि त्यातली निम्मी वाकडी होती असं ती नंतर हसत हसत सांगायची. गिऱ्हाइकं तक्ता पाठ करतात हे त्याला माहीत होतं, पण कबूल करणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं. घरी आला तो वेडा होऊनच आला. पुढे कचेरीत जाऊन सह्या केल्या, कचेरीच्या पायऱ्यांवर फोटो काढला, झालं लग्न.

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांना होतं, आणि ते दोघांनी एकमेकांत वाटून घेतलं होतं. मी वरच्या मजल्यावर राहते, एकटी. माझ्याशी लग्न करायची कुणाची टाप होती? संध्याकाळी चहाला खाली जायचे तर दोघं कशावर तरी वाद घालत बसलेली असायची आणि मला पंच करायची. घरी ती मला मुद्दाम चिडवायला 'वन्सं' म्हणायची.

तिची उजळणी म्हणजे एक प्रकरणच होतं. बाकीचे आम्ही परीक्षेआधी काय करतो? महत्त्वाचे प्रश्न सांगतो, पोरं लिहून घेतात, आम्ही मोकळे. ही बया पुस्तकं मिटायला लावायची आणि प्रत्येकाच्या हातात कोरा कागद द्यायची. जे आठवतं ते लिहा. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं ते लाल शाईने भरा. ज्याच्या कागदावर लाल जास्त त्याला ओरडा नाही, उलट शाबासकी. म्हणायची, आता तुला कळलं तुला काय येत नाही. कधी कार्डांच्या जोड्या असायच्या. निम्म्या पोरांकडे संज्ञा, निम्म्यांकडे उदाहरणं, आणि सगळा वर्ग आपापली जोडी शोधत फिरतोय. कधी एकाला फळ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसवायचं, फळ्यावर शब्द लिहायचा, आणि बाकीच्यांनी तो शब्द न उच्चारता इशारे द्यायचे. एकदा तर घंटा वाजवली की तोंडाला पाणी सुटणाऱ्या कुत्र्याचा प्रयोग पोरांकडून करून घेतला. वर्गातला सगळ्यात शहाणा मुलगा जीभ बाहेर काढून बाकाखाली बसलेला, आणि भिंतीअलीकडे माझा अख्खा वर्ग भुंकतोय! माझा पारा चढला. मी तरातरा गेले आणि दारात उभी राहून म्हटलं, "इथे शाळा चाललीय की प्राणिसंग्रहालय?" तर ही शांतपणे म्हणते, "या ना बाई, बसा. आमच्याकडे एक मांजर कमी पडतंय."

मी तिच्याशी खूप भांडले या सगळ्यावरून. म्हटलं, उत्तर सांगून टाकलंस तर वेळ वाचेल. ती म्हणायची, "सांगितलेलं उत्तर पाहुण्यासारखं असतं, वन्सं. जेवून निघून जातं. स्वतः शोधलेलं राहतं." आणि तिचे निकाल चांगले लागायचे, हे मलाही मान्य.

मग दादाला ताप आला. साधा ताप म्हणून आम्ही दोघींनी गोळ्या दिल्या, तर तो बरळायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा मेंदूला सूज असल्याचं कळलं. जगतो की नाही अशी अवस्था. वहिनी बाकावर बसून राहायची, तिला घास जायचा नाही. पण दादा वाचला. डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिरचे, तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?" मला हसू का रडू असं झालं. आई-बाबा गेल्याचं त्याला ठाऊक होतं, दुकान ठाऊक होतं, माझं चिडणंही ठाऊक होतं.

मग त्याची नजर माझ्या शेजारी गेली. तिथे वहिनी थर्मास घेऊन उभी होती. तो अदबीने म्हणाला, "तुम्ही उभ्या का? बसा ना."

ती म्हणाली, "अहो, मी आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, दादा, ही तुझी बायको. त्याने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाला, "कोण आहेत या? मला त्यांची भीती वाटते." त्याच्या आयुष्याचा मधला मोठा तुकडाच गेला होता, आणि ती पूर्णपणे त्या तुकड्यात होती. घरी आणल्यावर तिने त्याला उठवायला दंडाला धरलं तर त्याने तिला ढकललं आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, बळजबरी करू नका. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. नंतर फार आशा धरू नये. वहिनीने मान हलवली. तिच्यासाठी जगात आता एवढी एकच गोष्ट उरली होती, वर्षाच्या आत त्याने तिला ओळखावं.

तिने काय करावं? जे तिला येत होतं तेच केलं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून पाठकोऱ्या बाजूची कार्डं केली आणि शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर मांडायला लागली; रात्री झोपायला मात्र वर माझ्याकडे यायची. मला म्हणाली, "मी त्याला सांगणार नाही मी कोण ते. एकदा सांगून पाहिलं ना, काय झालं? शिवाय सांगितलं की तो पाठ करेल. मला पाठ केलेलं नकोय. त्याला आठवायला हवं."

मी म्हटलं, "अगं, तो काय तुझ्या वर्गातला पोरगा आहे?"

"मेंदू सगळ्यांचा सारखाच," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. दादा टेबलापाशी अंग चोरून बसला होता. त्याने विचारलं, "आपण कोण?" आणि वहिनीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुम्हीच ओळखा पाहू." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. बोटांना खडूची पूड, खांद्याला पिशवी, हातात लाल पेन, समोर कार्डं. म्हणाला, "शाळेतल्या बाई दिसता." वहिनीचा चेहरा उजळला, कारण तिला ओळखून तो पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोलला होता. "बरोबर," ती म्हणाली. "आणि आणखी?" "आणखी काय असणार?" दादा म्हणाला. "बरं, राहू दे. सावकाश." निम्मे गुण तिने देऊन टाकले आणि त्याची भीती गेली. त्या दिवसापासून तो तिला बाई म्हणायला लागला आणि तिला घाबरेनासा झाला. आम्हा दोघींना तेव्हा त्याचाच आनंद झाला होता.

दादाला कार्डं आवडायला लागली. प्रश्नाच्या कार्डापुढे उत्तराचं कार्ड किंवा फोटो ठेवायचा. पहिली भेट कुठे झाली? दुकानात. बायको चहा कसा घेते? बिनसाखरेचा. बायको कशाला घाबरते? पालीला. इस्त्री करताना काय करते? भसाड्या आवाजात गाते. सुरुवातीला सगळं चुकायचं. ती वाट पाहायची, इशारे द्यायची, पण उत्तर सांगायची नाही. तो कपाळाला आठ्या घालून कार्डं चाळत बसायचा. मग हळूहळू जुळायला लागलं. तक्त्याची गोष्ट तर तो मलाच रंगवून सांगायला लागला: "मिरचे, ऐक ना, तिने अख्खा तक्ता पाठ केलेला, आणि कबूलही केलं पठ्ठीने!" आणि पोट धरून हसायचा. वहिनी समोर बसून ऐकायची आणि तिच्या गालावर रंग चढायचा. ते पाहून माझ्यासारख्या तोफेच्या डोळ्यांतही पाणी यायचं. मला वाटलं, जमलं. आज ना उद्या मान वर करेल आणि म्हणेल, अगं, तूच की!

शाळेत ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. त्या वर्षी तिने स्मरणाचा धडा दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं असतं तर मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं नसतं. पण ती म्हणाली, माझा धडा आहे, मीच शिकवणार. उजळणीच्या तासाला खुर्चीचा खेळ चालला होता. खुर्चीवर एक मुलगी, फळ्यावर शब्द 'विस्मरण'. इशारे चालू होते, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. परीक्षेत होतं ते! आज्जीला होतं ते! मुलीला काही सुचेना. आणि मग कुणीतरी उत्साहाच्या भरात ओरडलं, "आपल्या बाईंच्या मिस्टरांना झालंय ते!"

माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. वाटलं जावं आणि ओरडणाऱ्याचा कान धरावा. तेवढ्यात खुर्चीवरची मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "विस्मरण." आणि वहिनीचा नेहमीचा आवाज आला, "बरोबर. पण इशारा फारच सोपा दिलात. पुढच्याने यावं." मग ती पुढचा शब्द लिहायला लागली. खडू फळ्यावर बराच वेळ नुसताच टेकलेला होता, असं एका मुलीने मला नंतर सांगितलं.

वर्ष संपत आलं तेव्हा तिने सगळी कार्डं एकदम टेबलावर मांडायचं ठरवलं. मला म्हणाली, "तू ये. मला एकटीला धीर होत नाहीये." मी चहा केला आणि दादाच्या मागे उभी राहिले. तो शर्टाच्या बाह्या सरसावून बसला. एकेक जोडी लावत गेला, न अडखळता. शेवटी राहिला पायऱ्यांवरचा फोटो: सडपातळ मुलगी, लांब वेणी, डोळे उन्हाने बारीक केलेले. "ही माझी बायको," दादा म्हणाला आणि कार्ड तिच्यापुढे ठेवलं. मी टाळ्या वाजवल्या! वहिनीने चष्मा काढून डोळे पुसले. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आता फक्त त्याने मान वर करायची होती.

त्याने कार्डं गोळा केली, कडा नीट जुळवल्या आणि गठ्ठा तिच्या हातात दिला. "झालं ना बाई? एकही चुकलं नाही. आता तिला बोलवा."

"कुणाला?" वहिनी म्हणाली.

"माझ्या बायकोला. मग एवढा अभ्यास कशासाठी केला मी? मला वाटलं, सगळं बरोबर आलं की तुम्ही भेटवाल." तो लाजून हसला. "कशी असेल हो? तुम्ही पाहिलंय का तिला?"

मला राहवेना. मी ओरडलेच, "अरे दादा, डोळे फुटलेत का तुझे? समोर बसलीय ती कोण? हीच तुझी बायको!"

त्याने फोटोकडे पाहिलं, मग वहिनीकडे. आखूड कापलेले पिकले केस, जाड भिंगांचा चष्मा, हातात लाल पेन. तो कानापर्यंत लाल झाला, पण तिच्यासाठी. "मिरचे, तोंड आवर. एवढ्या भल्या बाई, रोज आपल्याकडे येतात, आणि त्यांची अशी थट्टा? काय वाटेल त्यांना?" आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही मनावर घेऊ नका हं. ही लहानपणापासून अशीच आहे."

"नाही घेत," वहिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. मी कार्डांचा गठ्ठा उचलला, फाडून चुलीत घालणार होते. तिने हात धरला. "नको. त्याची आहेत ती." मग म्हणाली, "सगळी मीच केली गं. चहा, पाल, इस्त्री, सगळं घातलं. पण ते सगळं त्या फोटोतल्या मुलीचं झालं. मी विचारणारी होते. विचारणारा कधी उत्तरात येतो का? वर्गातल्या पोरांना तरी वाटतं का, फळ्यापाशी उभी आहे तीच उत्तर असेल म्हणून? मीच त्याची बाई झाले, वन्सं. रोज, रोज. मीच शिकवलं त्याला ते." मी तिला समजावत होते, तुझी काही चूक नाही, तू जीव तोडून केलंस. ती ऐकत नव्हती. ती रडली तेव्हा तोंडात पदराचा बोळा धरावा तसा टॉवेल धरून रडली, बाहेर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर तिने एकदाच प्रयत्न केला. केसांना गंगावन लावून वेणी घातली, फोटोतल्यासारख्या रंगाचे कपडे शोधून आणले, पिशवी माझ्याकडे ठेवली आणि पुढच्या दाराने आत गेली. दादाने कौतुकाने पाहिलं. "अरे वा बाई, आज शाळेत कार्यक्रम आहे वाटतं?" ती हो म्हणाली आणि माझ्याकडे येऊन वेणी सोडली.

डॉक्टरांचं वर्ष संपलं. काही परत आलं नाही. वहिनी अजून त्याच घरात राहते. दादा समजतो की बाईंना राहायला जागा नाही म्हणून आपण मागची खोली दिली आहे, आणि त्याबद्दल ती आभार मानते तेव्हा तो म्हणतो, अहो, त्यात काय. शाळेतून आली की ती त्याच्यासमोर बसते. कार्डं आता काढत नाहीत. तो बोलतो, आणि बोलतो ते फक्त बायकोबद्दल. तिला काय आवडेल, ती आल्यावर दोघं कुठे फिरायला जातील, तिचं गाणं भसाडं असलं तरी आपण कसं काही म्हणणार नाही. त्या माणसाने आपल्या बायकोवर पहिल्यापेक्षाही जास्त जीव टाकलाय. आणि माझी वहिनी ते सगळं ऐकते, मान डोलावते, मध्येच हसते. मला ते बघवत नाही. मी कधी कधी जिन्यातूनच परत फिरते.

परवा मात्र मी आत होते, खिडकीशी पेपर तपासत. दादाला वाटलं माझं लक्ष नाही. तो वहिनीला हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला म्हणून विचारतो. ती आली आणि मी ओळखलंच नाही तर? फोटो जुना आहे. माणूस बदलतं. माझ्या डोक्याचं हे असं. तिला किती लागेल, नाही?" त्याचे डोळे भरून आले होते.

वहिनी म्हणाली, "नाही लागणार. मी तिला चांगली ओळखते. ती समजून घेईल."

"नक्की ना?"

"नक्की."

दादाचा जीव भांड्यात पडला. त्याने बाहीने डोळे पुसले. मग तो रडू लागला, सुटल्यासारखा, आणि वहिनीला राहवलं नाही. ती उठून टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागली. त्याने घाईने खुर्चीवर हात ठेवला.

"तिथे नको हं बाई," तो म्हणाला. "ती तिची जागा आहे."

वहिनी "हो, खरंच" म्हणाली, आणि समोर जाऊन बसली.